मारुती ८०० चे हेडलाईट मधेच जातात? स्विच उघडून घरच्या घरी कसा दुरुस्त करायचा

मागच्या पावसाळ्यात कराडवरून चिपळूणला येत होतो, कुंभार्ली घाटाची उतरण, रात्रीचे साडेनऊ, धुकं आणि पाऊस दोन्ही, शेजारी आई बसलेली, आणि एका वळणावर दोन्ही हेडलाईट एकदम गेले. मागचे लाल दिवे चालू, मीटरचा दिवा चालू, पुढे मात्र मिट्ट काळोख. ब्रेक दाबून गाडी जागेवर थांबवली, हात घाबरून इंडिकेटरच्या दांडीवर गेला आणि दांडी जरा वर उचलली तसे लाईट परत आले. पुढचा सगळा घाट मी एका हाताने ती दांडी दाबून धरून उतरलो. ज्यांच्याकडे अजून जुनी ८०० आहे त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी १९९७ ची. पण हे बाकीच्या जुन्या गाड्यांनाही बरंचसं लागू पडतं, कारण त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाईटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) नसायचा, बल्बचा पूर्ण करंट स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधूनच, म्हणजे त्या लाईट-इंडिकेटरच्या दांडीच्या स्विचमधूनच, फिरायचा. सगळ्या दुखण्याचं मूळ हेच आहे. एच४ (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असलेल्या) बल्बला डिपरला, म्हणजे जवळच्या खालच्या उजेडाला, ५५ वॅट आणि अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला, ६० वॅट लागतात, म्हणजे दोन बल्ब मिळून डिपरवर ११० वॅट, १२ व्होल्टला भागलं की ९ अँपिअरच्या वर, आणि अप्परवर सरळ १० अँपिअर. एवढा करंट स्विचच्या आत एकमेकांना टेकणाऱ्या नखाएवढ्या पितळी पॉइंटमधून तासन्‌तास जातो. शिवाय लाईट लावतो त्या क्षणी फिलामेंट थंड असते, थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्यापेक्षा कितीतरी कमी, म्हणून पहिला झटका चालू करंटच्या कितीतरी पट असतो आणि प्रत्येक वेळी पॉइंटवर बारीक ठिणगी पडते. वीस-पंचवीस वर्षं असं झालं की पॉइंटला खड्डे पडतात, आतलं ग्रीस सुकून काळं होतं, त्यात आपल्या कोकणची दमट हवा, मग रेझिस्टन्स वाढायला लागतो.

आणि रेझिस्टन्स जरासा वाढला तरी काय होतं बघा. समजा ०.२ ओहम झाला, मीटरवर ते दिसतही नाही धड, पण ९ अँपिअरला १.८ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात आणि १६ वॅट उष्णता त्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत तयार होते. १५ वॅटचं बारकं सोल्डरिंग आयर्न हातात धरून बघितलं असेल तर ती उष्णता किती ते कळेल. त्या उष्णतेने पॉइंट दाबून धरणारी पट्टी मऊ पडते, दाब कमी होतो, दाब कमी झाला की रेझिस्टन्स अजून वाढतो, आणि प्लास्टिक विरघळून पॉइंट आत बसतो. म्हणूनच लाईट लावल्या लावल्या काही होत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी जातात, थंड झाले की येतात, आणि गॅरेजला नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी वागते.

उजेडाचं गणित तर अजून वाईट आहे. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. म्हणजे ८०० चे लाईट पहिल्यापासूनच मिणमिणते म्हणून जे लोक सोडून देतात, त्यातल्या कित्येकांचा उजेड वाटेत स्विचमध्येच जळतोय.

आता दुरुस्ती. पण त्याआधी तपासणी, आणि ह्या पायरीवर प्लीज घाई करू नका. माझ्या गाडीचे आधी बल्ब बदलले गेले, मग स्विच बदलला गेला, नवीन स्विच चार महिन्यांत परत तसाच, कारण मूळ कारण कोणी मोजलंच नव्हतं. पैसे गेले त्यापेक्षा आई गाडीत असताना लाईट गेले ह्याचा मला जास्त त्रास झाला.

सोपा भाग पटकन. एकाच बाजूचा लाईट गेला असेल तर स्विचकडे बघूच नका, तो बल्ब, त्याचा कपलर (वायरांचा प्लग), त्याची अर्थिंग (बॉडीला जोडलेली मायनस वायर) नाहीतर त्याचा फ्यूज (बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात). दोन्हीचे फक्त डिपर जातात आणि अप्पर लागतो, किंवा उलटं, तर अप्पर-डिपर बदलणारे पॉइंट. दोन्हीचं सगळंच जातं आणि पार्किंग चालू राहतं, तर दांडी फिरवून लाईट लावायचा जो मुख्य पॉइंट असतो तो. दांडीजवळ जळक्या प्लास्टिकचा वास येतोय किंवा स्टिअरिंगखालचं कव्हर हाताला गरम लागतंय तर मग शंकाच नको, तेव्हापासून रात्रीची गाडी काढू नका, दुरुस्ती होईपर्यंत.

फ्यूज बघताना तो नुसता उडालाय का एवढंच बघू नका, काढून त्याचे पाय आणि तो बसतो त्या चिमट्या बघा, काळसर किंवा हिरवट असतील तर अर्धा दोष तिथेच. फ्यूज वितळत नाही, पण त्याचा चिमटा तापून लाईट जातात असंही मी पाहिलंय.

मग डिजिटल मल्टीमीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांचा चालतो. इंजिन चालू ठेवून, लाईट लावून, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा, चांगल्या गाडीला साधारण साडेतेरा ते चौदाच्या आसपास येईल. आता बल्बचा कपलर लावलेलाच ठेवायचा, मागच्या बाजूने मीटरची सुई किंवा एखादी बारीक टाचणी आत सरकवायची आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजायचं. कपलर काढून मोजलं तर काही कळणार नाही हे लक्षात ठेवा, करंटच वाहत नसतो म्हणून खराब स्विचमधूनसुद्धा पूर्ण व्होल्टेज दिसतं, आणि मग आपण म्हणतो सगळं ठीक आहे. भार चालू असतानाच मोजायचं. बॅटरीपेक्षा बल्बला अर्धा व्होल्ट कमी असेल तर जुन्या गाडीला ठीक म्हणायचं, एक व्होल्टच्या वर फरक असेल तर वाटेत कुठेतरी खाल्लं जातंय. माझ्या गाडीला फरक सव्वादोनचा होता.

कुठे खाल्लं जातंय हे बघायला स्टिअरिंग कॉलमचं खालचं कव्हर उघडा, खालून फिलिप्स स्क्रू असतात, ते काढले की दोन अर्धे भाग सुटतात. आत स्विचच्या वायरा जिथे गाडीच्या वायरिंगला जोडल्यात तो कपलर दिसेल. आधी त्याच्याकडेच नीट बघा. पांढरा कपलर एखाद्या पिनेपाशी तपकिरी झालाय का, वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलंय का. बऱ्याच वेळा स्विच बरा असतो आणि जळलेली पिन कपलरमध्ये असते, मग नवा स्विच त्याच जळक्या कपलरला लावला तर तोही थोड्या दिवसांत जाणार. जळलेली पिन घासून ठेवायची नाही, ती वायर कापून नवीन पिन दाबून बसवायची, किंवा तेवढी एक जोडणी कपलरच्या बाहेर काढून वेगळ्या चांगल्या लगने (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या तुकड्याने) जोडायची.

मग हेडलाईटच्या जाड वायरांच्या जोडीवर मीटरच्या दोन सुया लावा, एक स्विचमध्ये जाणारी, एक बाहेर येणारी. लाईट बंद असताना तिथे पूर्ण १२ व्होल्ट दिसले आणि लाईट लावल्यावर जवळजवळ शून्य, तर जोडी बरोबर पकडलीत. लाईट चालू असताना जो आकडा राहील तेवढं स्विच खातोय. ०.२ पर्यंत असेल तर स्विच चांगला, अर्ध्याच्या वर असेल तर उघडायलाच हवा. आणि दांडी जरा वर-खाली हलवून बघा, आकडा उड्या मारत असेल तर पॉइंट गेलेत हे नक्की. वायरांचे रंग मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण मॉडेलप्रमाणे फरक असतो आणि वीस वर्षांत मधे कोणी कुठला रंग जोडलाय ते देव जाणे, मीटर सांगेल तेच खरं.

स्विच काढायला बॅटरीची मायनस वायर आधी सोडवा, १० नंबरचा पाना, आणि ती बाजूला बांधून ठेवा. ह्या गाडीला एअरबॅग नाही म्हणून स्टिअरिंग घरी काढता येतं, ज्या गाडीला एअरबॅग आहे तिथे हे घरी अजिबात करू नका. चाकं सरळ करून घ्या. हॉर्नचं पॅड ओढून निघतं, त्याची वायर सांभाळा. मध्ये मोठा नट दिसेल, तो ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, कारण स्टिअरिंग घट्ट बसलेलं असतं आणि ओढताना अचानक सुटलं की सरळ तोंडावर येतं. नट ढिला करण्याआधीच शाफ्टवर आणि स्टिअरिंगच्या बॉसवर (मधल्या भागावर) मार्करने एका रेषेत खूण करा म्हणजे परत बसवताना वाकडं बसणार नाही. मग दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवत ओढा, नाही निघालं तर पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावा, बाजारात मिळतो किंवा ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची नाही, आटे बसतात आणि कॉलमच्या बेअरिंगला मार लागतो.

स्टिअरिंग निघालं की स्विच थोडेसे स्क्रू काढून मोकळा होतो. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, वायर कुठून कशी फिरलीय, कुठल्या क्लिपमध्ये अडकवलीय ते. हे फोटो परत बसवताना सोन्याहून पिवळे ठरतात.

आता खरं काम. स्विच उघडताना आत बारीक स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या स्टीलच्या गोळ्या असतात, झाकण उचललं की त्या उडतात आणि एक जरी हरवली तर दांडीला टकटक असा ठरलेला थांबा राहत नाही. म्हणून मी मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत दोन्ही हात घालून उघडतो, जे उडेल ते पिशवीतच पडतं. काठ असलेली परात आणि त्यात पांढरं कापड हेसुद्धा चालतं. झाकणाच्या प्लास्टिकच्या कानांना जोर लावू नका, जुनं प्लास्टिक कटकन मोडतं, दोन बारीक पेचकस घेऊन एकेक कान हळू उचलायचा. थंडीच्या दिवसांत करत असाल तर आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतं.

आत काय दिसेल तर काळपट गोंदासारखं ग्रीस, आणि तांब्या-पितळेच्या पट्ट्या, त्यावर पॉइंट. आधी काहीही न पुसता एक फोटो. मग इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, ग्रीस पूर्ण निघेपर्यंत. थिनर वापरू नका, प्लास्टिक खातं. पेट्रोलसुद्धा नको, घरात तर नकोच.

साफ झाल्यावर पॉइंट उजेडात धरून बघा. नुसते काळे असतील तर हजार-बाराशे नंबरचा बारीक वॉटर पेपर, त्याची अर्धा सेंटीमीटर रुंद पट्टी कापायची, दोन पॉइंटच्या मधे सरकवायची, वरून बोटाने हलका दाब आणि पट्टी ओढून घ्यायची, पाच-सहा वेळा, मग पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूचा पॉइंट. चकाकी आली की थांबायचं. जाडा पेपर किंवा कानस लावून घासलं की वरचा चांगला थर निघून जातो आणि ओरखड्यांत परत ठिणगी पडते, दोन महिन्यांत पुन्हा तेच. घासल्यावर परत क्लीनर मारा आणि फुंकून नव्हे तर ब्लोअरने उडवा, तोंडाची वाफ नको.

बारीक खड्डे असतील तर चालेल, सपाट करता येईल तेवढे करा. पण पॉइंट अर्धा उडालेला असेल, किंवा प्लास्टिक वितळून पॉइंट तिरका बसला असेल, तर तो स्विच सोडा. काही जण खड्ड्यावर शिशाचा, म्हणजे सोल्डरचा ठिपका देऊन भरून काढतात. हे कधीही करू नका आणि कोणी करत असेल तर करू देऊ नका. सोल्डर मऊ असतं, १८०-१९० अंशांच्या आसपास वितळतं, गरम पॉइंटवर ते पसरतं आणि मग लाईट बंदच होत नाही किंवा शेजारच्या पट्टीला चिकटून शॉर्ट. शॉर्ट स्टिअरिंगखाली, पायांच्या वर, म्हणजे काय होईल त्याची कल्पना करा.

सोल्डर लागतं ते वेगळ्या जागी, वायरा जिथे पट्टीला जोडलेल्या असतात तिथे. त्या जोडाभोवती बारीक गोल तडा दिसतो, भिंग घेऊन बघा. तिथलं जुनं शिसं वितळवून काढा आणि नवीन भरा, २५-३५ वॅटचं आयर्न, थोडं फ्लक्स, आणि दोन-तीन सेकंदांत काम उरकायचं, जास्त वेळ धरलं तर खालचं प्लास्टिक बसेल.

पट्टीचा दाब कमी वाटत असेल तर बारीक चिमट्याने पट्टी मुळाशी किंचित वाकवता येते. किंचित म्हणजे अगदी अर्धा मिलीमीटर. एकदाच वाकवायची, मागे-पुढे केली की तुटते. आणि ती पट्टी निळसर पडलेली असेल तर तिचा जीव गेलाय, वाकवून पुन्हा मऊच पडणार, तोही स्विच सोडायचा.

परत बसवताना ग्रीस लावायचं ते फक्त गोळ्या, स्प्रिंग आणि प्लास्टिक जिथे प्लास्टिकवर घासतं तिथे, प्लास्टिकला चालणारं पांढरं किंवा सिलिकॉन ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस नको. पॉइंटवर काही नको.

झाकण लावल्यावर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच तपासा. मीटरची कंटिन्युइटी वाजली म्हणजे झालं असं नाही, बीप तर खराब पॉइंटलाही वाजते. जुना एच४ बल्ब, १५ अँपिअरचा फ्यूज आणि गाडीची बॅटरी, एवढं जोडून स्विचमधून बल्ब पेटवा आणि स्विचच्या दोन वायरांवर व्होल्टेज बघा, ०.१ च्या आसपास आलं तर मस्त. दहा मिनिटं तसंच राहू द्या, आकडा वाढत नाही ना ते बघा. बल्बची काच हाताने धरू नका, आणि टेबलावर प्लास्टिकचं कव्हर असेल तर बल्ब विटेवर ठेवा, प्रचंड तापतो.

स्विच टाकूनच द्यायची वेळ आली तर. ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये लोकांच्या हातात आली आणि जानेवारी २०१४ पर्यंत ती बनत होती, तीस वर्षं, त्यामुळे पार्ट अजून मिळतात हे आपलं नशीब. पण तीस वर्षांत स्विच बदलत गेलेत, म्हणून दुकानात गाडीचं साल सांगा आणि जुना स्विच हातात घेऊन जा, कपलरचा आकार आणि पिना जुळवूनच घ्या. डुप्लिकेट आणि चांगला ह्यात वजनाचा फरक लगेच कळतो, डुप्लिकेट हलका लागतो, वायरा बारीक असतात. मी तरी म्हणेन की पातळ वायरांचा नवा डुप्लिकेट घेण्यापेक्षा आपला जुना ओरिजिनल साफ करून वापरावा, तो पुन्हा कित्येक वर्षं जातो, फक्त त्याच्यावरचा भार काढला पाहिजे. मुंबईवाल्यांना ऑपेरा हाऊसच्या बाजूला नवे आणि कुर्ल्याला सीएसटी रोडला जुने काढलेले पार्ट बघता येतील.

भार काढणं म्हणजे रिले लावणं. ही पायरी गाळलीत तर वरचं सगळं काम तात्पुरतं आहे असं समजा, मी चार महिन्यांत तेच भोगलंय. रिले लावला की १० अँपिअर बॅटरीवरून थेट बल्बला जातो आणि स्विचमधून जातो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, तो साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअर. तेवढ्यावर पॉइंट कधी तापणारच नाही, आणि उजेड जो वाढतो तो पहिल्या रात्रीच दिसतो.

दोन रिले घ्या, १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचे, एक डिपरला, एक अप्परला. रिलेच्या खाली आकडे असतात, ३० वर बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्बला, ८५ आणि ८६ ही कॉइल. बॅटरीपासून प्रत्येक रिलेसाठी १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, एका वीतभर अंतरात, कारण फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला थांबवणारं काही नसतं. मुख्य वायर २.५ चौरस मिलीमीटरची, कॉइलची पाऊण चालते. दोन्ही बल्बना नवीन अर्थिंग द्या, बॉडीवर रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून, वरून व्हॅसलीन.

आता एक गोष्ट जी मला खूप उशिरा कळली आणि ज्यामुळे कित्येक जण अडतात. जुन्या जपानी घराण्यातल्या गाड्यांत बऱ्याच वेळा बल्बला प्लस कायम मिळत असतो आणि स्विच मायनस बाजूला असतो. तुमच्या गाडीत काय आहे ते बघायचं असेल तर लाईट बंद ठेवून बल्बचा कपलर काढा आणि त्याच्या तिन्ही पिना बॉडीच्या हिशोबाने मोजा. लाईट बंद असूनही एका पिनेवर १२ व्होल्ट असतील तर स्विच मायनस बाजूला आहे. बाजारातलं तयार रिले किट प्लस स्विचिंग धरून बनवलेलं असतं, त्यात कॉइलचं एक टोक सरळ बॉडीला दिलेलं असतं, ते अशा गाडीला जोडलं की चालत नाही आणि लोक म्हणतात किटच खराब. उपाय अगदी सोपा आहे. कॉइलचं टोक बॉडीला देऊच नका. जुन्या कपलरच्या कॉमन (डिपर-अप्पर दोन्हींची सामाईक) आणि डिपर ह्या दोन पिनांच्या मधे डिपर रिलेची कॉइल, कॉमन आणि अप्पर ह्यांच्या मधे अप्पर रिलेची कॉइल. स्विच कुठल्याही बाजूला असो, जिथे बल्ब जोडलेला होता तिथे आता कॉइल जोडली गेली, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गाडीत चालतं. फक्त साधा रिले घ्या, आत डायोड असलेला घेतला तर ८५-८६ ची दिशा पाळावी लागते. बल्बला नवीन होल्डर, त्याच्या डिपर पिनेला एका रिलेचं ८७, अप्परला दुसऱ्याचं, आणि कॉमनला नवीन अर्थ, झालं.

होल्डर सिरॅमिकचे मिळाले तर तेच घ्या. रिले रेडिएटरपासून लांब, पिना खाली तोंड करून लावा म्हणजे पाणी आत साठत नाही. जोड पिळून टेपपट्टी मारायची पद्धत इथे नको, दाबून बसवलेला लग आणि वर आकसणारी स्लीव्ह, आणि सगळ्या वायरा काळ्या खाचांच्या पाईपमधून, पंख्याच्या पात्याला लागणार नाहीत अशा बांधून. चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे चार महिने बॉनेटखाली ओल असते, टेपपट्टीखालचा जोड वर्षभरात हिरवा होतो.

रिले लावले म्हणून १००/९० वॅटचे बल्ब टाकायचा मोह होतो, तो नको. रिफ्लेक्टर काळा पडतो, होल्डर वितळतो, आणि समोरून येणाऱ्या माणसाला काही दिसत नाही. एलईडी बल्बचंही मला पटत नाही, करंट कमी घेतात हे खरं, स्विचचा दोषही झाकला जातो, पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्यातल्या बहुतेकांचा उजेड नीट एका जागी पडत नाही, झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पूर्ण व्होल्टेज मिळालेला साधा चांगल्या कंपनीचा ६०/५५ घाटाला पुरतो, मी त्यावरच चालवतोय.

बसवताना खूण जुळवून स्टिअरिंग, नट चांगला घट्ट, इंडिकेटर वळणानंतर आपोआप सुटतो का, हॉर्न वाजतो का, वायपर, पार्किंग, मीटरवरचा अप्परचा निळा दिवा, एकेक बघून घ्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून स्विचची वायर कुठे ओढली जात नाही ना तेही बघा. मग अंधार पडल्यावर सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून डिपर लावा, उजेडाची वरची कड बल्बच्या मध्याच्या उंचीपेक्षा पाच-सात सेंटीमीटर खाली हवी आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसली पाहिजे. उजेड वाढलेला असतो, त्यामुळे हे जुळवलं नाही तर समोरच्यांना त्रास होतो.

आणि दुरुस्तीच्या आधीच रस्त्यात लाईट गेले तर. हजार्ड लावा, रस्त्याच्या कडेला या, मग पासिंग देतो तशी दांडी ओढून धरून बघा, बऱ्याच गाड्यांत पासिंगचा पॉइंट वेगळा असतो आणि मुख्य स्विच बंद असला तरी अप्पर लागतो, तेवढ्यावर सुरक्षित जागेपर्यंत पोचता येतं. लाईट पूर्ण घालवून पंधरा मिनिटं थांबलात तर स्विच थंड होऊन परत थोडा वेळ चालतो. मी डिकीत हातभर जाड वायर ठेवतो, मधे १५ चा फ्यूज आणि दोन टोकांना चपट्या पिना लावलेल्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या कपलरवर स्विचला बाजूला ठेवून सरळ जोडणी करता येते. कुठल्या दोन पिना ते कपलरवरच लाल ऑईल पेंटच्या ठिपक्याने दाखवून ठेवलंय, कारण पावसात, अंधारात, टॉर्च दातात धरून रंग ओळखता येत नाहीत.

महिन्याभराने एकदा परत तोच मीटर, तीच मोजणी, बॅटरी आणि बल्ब ह्यातला फरक. माझ्या गाडीला सव्वादोनचा आता ०.३ आहे.